नागू फिटर आधी घर बघायचा

आमच्या ईट गावात गिझर घ्यायचा म्हटला की माणूस आधी भूमच्या दुकानात जात नव्हता, नागू फिटरच्या ओट्यावर जात होता. दुकानदारालाही ते ठाऊक होतं. गिऱ्हाईक दारात आलं की तो विचारायचा, "नानाला विचारून आलाव का?" नाना म्हणजे नागूच. विचारलेलं नसलं तर वस्तू दाखवायचा, पण खोकं बांधायची घाई करायचा नाही. दोन दिवसांत नागू ते खोकं परत घेऊन येणार आणि चार लोकांत दुकानदाराची शाळा घेणार, हे ठरलेलं.

तो नागू ह्या उन्हाळ्यात पुण्याला लेकीच्या घरी वारला. सगळं तिकडंच उरकलं. आम्हाला कळलं तेव्हा राख सावडून झाली होती. गावात शोकसभा झाली. चार माणसं बोलली. एकानं त्याला समाजसेवक म्हटलं, एकानं शांत स्वभावाचा म्हटलं. मी मागं बसलो होतो. नागू शांत? त्याच्या तोंडाला गावातली कुत्रीसुद्धा वचकून होती. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. मी गवंडी माणूस, शाळा चौथीपर्यंत. चुकलं तर चुकू द्या, पण माणूस तरी खरा उतरंल.

तीस वर्षं आम्ही जोडीनं कामं केली. गवंडी आणि फिटर म्हणजे सवतीच. मी भिंत चढवायची, गिलावा करायचा, हात फिरवून ती आरशासारखी करायची, आणि दुसऱ्या दिवशी ह्यानं येऊन छिन्नी लावायची. "पाइपाला वाट नको का, मिस्त्री?" म्हणायचा. मी म्हणायचो, "आधी सांगायला काय तोंड शिवलं होतं?" तो म्हणायचा, "आधी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?" हे भांडण आम्ही प्रत्येक घरात केलं. घरमालकाला वाटायचं आता ह्यांची मारामारी होणार. मग दुपारी आम्ही दोघं एकाच फडक्यातली भाकरी खायचो.

दिसायला काटक. शर्टाच्या खिशात टेस्टर आणि चष्मा. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं लाल वायर गुंडाळलेली. नवा चष्मा लेकीनं आणून दिला होता, तो कपाटात. म्हणायचा, "तो लग्नाकार्याला."

कुणाच्याही घरी गेला की बसायचा नाही, पाणी प्यायचा नाही. नीट न्हाणीत शिरायचा आणि गिझरच्या पोटावर तळहात ठेवायचा. डॉक्टर लेकराच्या कपाळावर ठेवतो तसा. डोळे मिटून जरा वेळ उभा राहायचा. मग बाहेर येऊन निकाल द्यायचा. बाहेरून गार लागला तर म्हणायचा, "तब्येत चांगली हाय." कोमट लागला तर घरधनी गेलाच म्हणून समजा. "अंग गरम हाय ह्याचं. म्हणजे आतली ऊब पत्र्यातून बाहेर चाललीय. तुमी पाणी तापवत न्हाय, गिझरमागच्या पाली शेकायलाव. बाळंतपण करा आता त्यांचं."

बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. घरधनी हसायचा नाही.

गिझरवर ते चांदण्यांचं स्टिकर असतं ना, सगळं जग त्याला स्टार म्हणतं. नागू चांदण्याच म्हणायचा. आणि त्या चांदण्यांवरून त्याचं गावाशी कायमचं वाजलेलं होतं. लोकांना वाटायचं, जितक्या चांदण्या तितकं पाणी कढत. काही जणांना वाटायचं, जितक्या चांदण्या तितका घरधनी मोठा. एकानं तर गिझर बदलला तरी जुन्याचं पाच चांदण्यांचं स्टिकर अलगद सोलून नव्यावर चिकटवलं होतं. नागूनं ते बघितलं आणि म्हणाला, "तुमच्या म्हशीला घोड्याचं खोगीर घाला, पळती का बघू."

किसनच्या पोरीच्या लग्नातली गोष्ट गावात अजून निघते. रुखवतात फ्रीज होता, कपाट होतं, आणि एक गिझर होता. किसननं गिझर मुद्दाम पुढं मांडला होता, स्टिकर माणसांकडं करून. नवऱ्या मुलाचा चुलता, बार्शीकडचा, आला. वाकला. चष्मा लावून चांदण्या मोजल्या. मोजायला तीनच होत्या, पण त्यानं दोनदा मोजल्या.

"तीनच?" तो मोठ्यानं म्हणाला. "आमच्या धाकट्या सुनेच्या माहेरानं पाच स्टारचा दिला हो."

किसनचं तोंड एवढंसं झालं. त्याची बायको भांडी मांडता मांडता थांबली. नवरी पोरगी आतल्या खोलीत, पण दार उघडंच होतं, तिला ऐकू गेलं असणार. नागू मांडवाची लाईट बघायला आला होता, शिडीवर होता. तो वरूनच बोलला.

"पावनं, घरात माणसं किती?"

चुलत्यानं वर बघितलं. "चौघं. आता पाच."

"गिझर कवा लावताव?"

"सकाळी. आंघोळी झाल्या की बंद."

"दिवसभर बंदच?"

"मग काय, उगं जळत ठिवावं व्हय?"

नागू शिडीवरून उतरला. एकेक पायरी सावकाश. "मग पाच चांदण्या घेऊन काय देवघरात लावताव? अहो, चांदण्या पाणी तापवत न्हाईत. तापलेलं पाणी टाकीत तसंच पडून ऱ्हायलं, कुणी वापरलं न्हाय, तर त्याची ऊब किती टिकती, तेवढं चांदण्या सांगत्यात. तुमच्यात पाणी पडून ऱ्हातंय कुठं? तापलं की संपलं. पाच माणसं, एकामागं एक. तिथं तीन काय आन् पाच काय, थोडाच फरक."

"आमचा तो पाचवाला मग फुकटच म्हणा की."

"फुकट न्हाय. पण स्टिकरवर साल बघितलं का त्याच्या? काही वर्षांनी मापं कडक करतेत. जुन्या सालातला पाच नव्या सालात पाचच राहील असं न्हाय. पयलीतला हुशार चौथीत हुशार असतोच का?"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. चुलता पण हसला, कारण तो स्वतः चौथी नापास, हे त्यानंच नंतर पंगतीत सांगितलं.

घरी जाताना मी नागूला विचारलं, "खरं बोललास का किसनची लाज राखलीस?"

"खोटं कशाला बोलू? गिझर चांगलाच हाय." मग जरा चालल्यावर म्हणाला, "आधी घर वाचायचं, मग स्टिकर. लोक स्टिकर वाचतेत आन् घरातल्या माणसाला विसरतेत."

ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, पाव्हण्यांचं झालं, आपल्याला काय त्याचं.

आमच्या बोअरचं पाणी खाऱ्या चवीचं. नागू कुणाचाही गिझर खोलला की आतली कॉइल काढून घरधन्याच्या हातात द्यायचा. कॉइलवर पांढरा थर, चुनखडीसारखा, बोटभर. "धरा. हे तुमच्या बोअरचं मीठ. ह्या खाराखाली कॉइल आपली आपण भाजून मरती, आन् तुमी म्हणताव कंपनी चोर हाय." अशीच एकदा शेजारच्या घरची झिजलेली कांडी घेऊन तो आमच्याकडं चहाला आला. गिझरच्या टाकीत एक कांडी असते. पाण्यातलं जे टाकीला खायला बघतं, ते आधी त्या कांडीला खातं. माझी बायको कलावती चहा ओतत होती. नागूनं तिला कांडी दाखवली. बोराच्या काटकीएवढी उरली होती.

"ही झिजती म्हणून टाकी टिकती, वैनी."

कला कांडीकडं बघून म्हणाली, "म्हंजे बाईसारखीच की."

नागूला चहाचा ठसका लागला. त्या दिवसापासून तो कुठल्याही घरात कांडी बदलली की बायकांना दाखवून म्हणायचा, "आमच्या कलावैनी काय म्हणतेत ऐका." मला ते आवडायचं नाही. मी त्या दोघांच्या बोलण्यात टाकीच्या जागी होतो, एवढं कळत होतं.

कलाला संधिवात होता. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे. सकाळी बोटं मिटलेलीच असायची, उघडायची नाहीत. गरम पाण्यात धरली की हळूहळू सुटायची. आमच्याकडं बंब होता. मी पेटवायचो, पाणी काढायचो, बकेट न्हाणीत नेऊन ठेवायचो. पुढं पुढं तिला तांब्याही धरवेना. एकदा हातातून निसटून कढत पाणी पायावर पडलं. तेव्हापासून मी तिला आंघोळ घालायला लागलो.

मला वाटायचं, मी चांगलं करतोय. गावातले म्हणायचेही, मिस्त्री बायकोचं लई करतो. पण ती भिंतीकडं तोंड करून बसायची. एकदाच म्हणाली, "जन्मभर तुमच्यापुढं पदर सावरला. आता असं बसवलंय देवानं." मी म्हटलं, "नवराच हाय की मी, कुणी परका हाय का?" मला ते कळलंच नाही. तिला काय पाहिजे होतं, तर न्हाणीचं दार आतून लावून एकटीनं आंघोळ करायला पाहिजे होती. एवढंच. ते तिनं मला सांगितलं नाही. नागूलाही सांगितलं नाही, त्यानं तिला विचारलं.

पंखा दुरुस्त करायला आला होता. मी म्हटलं, "आता आम्ही पण गिझर घ्यावा म्हणतो. दोनच माणसं. पंधरा लिटरचा, दोन-तीन स्टारचा बास. तूच म्हणतोस ना? सकाळी मी बटण दाबीन, तापलं की बंद करीन."

नागूनं माझ्याकडं बघितलंच नाही. कलासमोर जमिनीवर बसला.

"वैनी, आंघोळ कवा करताव?"

"हे घालतेत तवा."

"तसं न्हाय. तुमाला कवा करावी वाटती?"

कलानं मांडीवरच्या बोटांकडं बघितलं. "दुखलं की. कधी पाचला उठते, कधी दुपारी. कधी दोनदा वाटतं."

"हात कुठवर उचलतो?"

तिनं उचलून दाखवला. खांद्यापर्यंत पण नाही.

"बोटानं बटण दाबता येतं?"

"न्हाय. कोपरानं येईल."

"गरम-गार असे दोन नळ फिरवता येतील?"

ती हसली. "एक फिरला तर नवस फेडीन, भाऊजी."

नागू उठला. मला म्हणाला, "पंधरा लिटर न्हाय, पंचवीस. आन् पाच चांदण्या. चालू सालच्या."

मी म्हटलं, "किसनच्या पोरीला तीन बास, आन् आम्हा दोघांना पाच?"

"किसनच्या पोरीच्या घरी पाणी तापलं की संपतं. इथं पाणी दिवसभर तापून वैनीची वाट बघणार. असल्या घरात चांदण्या कामाला येत्यात."

"मी आहे ना बटण दाबायला."

"मग वैनीनं तुझी वाट बघायची. व्हय का न्हाय?"

पुढचंही त्यानंच सांगितलं. तापमानाचा खटका खाली ठेवायचा, म्हणजे गार मिसळायला नको. नळ उघडला की पाणी तसंच अंगावर घेता आलं पाहिजे. गार मिसळायचं नाही तर पाणी जास्त लागणार, म्हणून टाकी मोठी. खटका खाली असला की ऊबही कमी पळते. हे सगळं मला पटलं. मग तो परसात गेला, न्हाणी बघून आला आणि म्हणाला, "हे जमणार न्हाय."

आमची न्हाणी परसाच्या टोकाला. मीच बांधलेली, जुन्या पद्धतीनं घरापासून लांब. ओलीचं घर आतल्या घराला नको, असं आमच्यात म्हणतात. नागू म्हणाला, "एवढ्या लांब ती थंडीत चालत येणार, पाय घसरणार. न्हाणी आतल्या खोलीला लागून घे. परसाकडची भिंत फोडून दार काढ."

ती भिंत दगडी. मी एकट्यानं चढवलेली, एकेक दगड घडवून. बाहेरगावचे गवंडी ती बघायला यायचे. मी म्हटलं, "तू पाइप जोड. भिंतीत नाक खुपसू नको."

"भिंत महत्त्वाची का वैनी?"

"बाहेर हो," म्हटलं मी.

तो गेला. गिझर दुकानातून आला, खोक्यातच राहिला. वीस-बावीस दिवस आम्ही बोललो नाही. वाटेत दिसला तर मी टपरीकडं बघायचो, तो आभाळाकडं. कला खोक्यावर धुतलेले कपडे ठेवायची.

मग एका सकाळी मी दूध घेऊन आलो तर ती घरात नाही. परसात गेलो. न्हाणीचं दार नुसतं लोटलेलं. आत ती बसलेली, लुगड्यासकट भिजलेली. स्वतःच्या हातानं आंघोळ करायला गेली होती. गार पाण्याचा नळ उघडला, तो बंद करता येईना. बंबातलं पाणी निवून गेलेलं. किती वेळ बसली होती कोण जाणे, ओठ निळे पडलेले. मी दूध आणायला जाताना त्याच दारावरून गेलो होतो. तिनं हाक मारली नव्हती.

"हाक का न्हाय मारली?" मी ओरडलो.

"तुमी आला असता," ती म्हणाली.

तिला पुसून, पांघरुणात घालून, शेगडीपाशी बसवलं. मग घण घेतला.

त्याच दगडी भिंतीचे पहिले चार दगड पाडले. आवाज गल्लीभर गेला असणार. थोड्या वेळानं मागं कुणीतरी उभं राहिल्यासारखं वाटलं. नागू. खांद्यावर पिशवी, खिशात टेस्टर. माफी नाही, टोमणा नाही. म्हणाला, "दार किती फुटाचं काढतोस? सवा दोनच्या खाली जाऊ नको, पुढंमागं चाकाची खुर्ची न्यावी लागली तर."

सहा दिवस आम्ही काम केलं, दारापलीकडं नवी न्हाणी उभी केली. अर्थिंग त्यानं नवं केलं, तीनदा तपासलं. दवाखान्यात असतो तसला लांब दांड्याचा नळ आणला, कोपरानं उघडणारा. तो सहज मिळत नाही, भूमला मिळाला नाही, बार्शीला जाऊन आणला. बटण बाहेरच्या बाजूला, कमरेएवढ्या उंचीवर. बसायला मी ओटा बांधला, त्याच्या कडा घासून घासून गोल केल्या. नागू स्वतः त्या ओट्यावर बसला, दोन्ही मुठी मिटून घेतल्या, आणि नुसत्या कोपरानं नळ उघडून-मिटून बघितला. दहा-बारा वेळा. "दांडा दोन बोटं खाली घे," म्हणाला. मी म्हटलं, "टाइल बसली आता." म्हणाला, "मग काढ." काढली.

सातव्या दिवशी कला आत गेली. कडीच्या जागी नागूनं लाकडी आडणा लावला होता, मनगटानं सरकणारा. तो सरकल्याचा आवाज आला. आम्ही दोघं बाहेर, दगडांच्या ढिगावर. पाण्याचा आवाज सुरू झाला. थांबला. परत सुरू झाला. मी उठायला लागलो तर नागूनं माझं धोतर धरलं.

"बस खाली."

"लई वेळ झाला."

"होऊ दे. आजवर घाईनं न्हाली ती."

अर्ध्या तासानं ती बाहेर आली. तोंड लाल, केस ओले. आमच्याकडं बघितलं पण नाही, सरळ आरशापुढं गेली. नागू उठला, तिथूनच ओरडला, "वैनी, पाणी कसं हाय?"

आतून आवाज आला, "चहा ठिवते, भाऊजी."

चहा ठेवायला तिला जमत नव्हतं, मीच ठेवला. पण ती म्हणाली तसं.

साडेतीन वर्षं ती तशी एकटी न्हाली. दर सहा महिन्यांनी नागू येऊन खार काढायचा, कांडी बघायचा, गिझरच्या पोटावर हात ठेवायचा. थंडी वाढली की खटका केसभर वर करायचा आणि कलाला विचारायचा, "आता?" ती पाण्यात मनगट धरून सांगायची, "जरासं कमी." तो परत कमी करायचा. असं पाच-सहा वेळा चालायचं. दोघांनाही कंटाळा यायचा नाही. मी विचारलं एकदा, एवढं काय असतं दोन-चार डिग्रीत? नागू म्हणाला, "भिंत सरळ धरायच्या तुझ्या वळंब्यात काय असतं? दोरा आन् दगड."

माघात कलाला ताप आला. चार दिवस. धाराशिवला नेलं, तिथून तशीच परत आणली. सकाळची वेळ होती. पाव्हणे यायला लागले. मी ओट्यावर बसलो होतो, मला कुणी काय विचारलं, मी काय बोललो, आठवत नाही.

अंगणात तीन दगड मांडून बायकांनी शेवटच्या आंघोळीचं पाणी ठेवलं होतं, मोठ्या पातेल्यात. घरात तापलेलं त्याला चालत नाही. पाणी उतरवलं तेव्हा वाफ येत होती. नागू पुरुषांत उभा होता. तो तिथून निघाला आणि बायकांच्या घोळक्यात शिरला. पातेल्यात हात घातला.

"लई कढत हाय," तो म्हणाला.

एक म्हातारी म्हणाली, "सरा नाना, हे बायकांचं काम. आता तिला काय कढत आन् काय गार."

नागू सरला नाही. गार पाण्याची कळशी ओढली, तांब्यानं थोडं घातलं, हात घालून बघितलं. परत थोडं घातलं. परत बघितलं. पातेल्याभोवती सगळ्या बायका थांबल्या होत्या, आणि हा म्हातारा वाकून, डोळे मिटून, पाण्यात मनगट धरून उभा. पाचव्या का सहाव्या तांब्याला त्यानं मान हलवली.

"आता घ्या."

बायकांनी पातेलं आत नेलं, दार लावून घेतलं. मी सुतकात असताना त्याची लेक येऊन त्याला पुण्याला घेऊन गेली, त्यामुळं माझी त्याची परत गाठ पडली नाही. मला तो दिसतो तो तिथंच. लावलेल्या दाराकडं पाठ करून अंगणात उभा, आणि आत कुणी जाऊ नये म्हणून येणाऱ्या माणसांना हातानं थांबवतोय. बाही कोपरापर्यंत ओली.